झाडावर चढायचा दोर: धुवायचा कसा, तपासायचा कसा, सोडायचा कधी

प्रश्न थोडक्यात असा: 45 मीटरचा चढाईचा दोर दोन वर्षं वापरात आहे, चीक आणि मातीने काळा पडलाय, हाताला ताठर लागतो. फांद्या खाली सोडायच्या जाड दोरावर चेनसॉच्या साखळीचं तेल सांडलंय. एक सहकारी म्हणतो, वॉशिंग मशीनमध्ये पावडर टाकून धुऊन काढ. दुसरा म्हणतो, दोराला पाणीच लावू नकोस, ताकद जाते. ऐकायचं कुणाचं? आणि हे दोर अजून कामाचे आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं?

दोर धुवायचा. पावडर वापरायची नाही. मशीन चालेल, पण काही अटींवर. पाण्याने ताकद जाते ही गोष्ट काही दोरांपुरती आणि ओले असेपर्यंतच खरी आहे, तिच्याकडे पुढे येतो. आधी धुवायचं कशासाठी ते बोलू, कारण ते डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

मी दोर धुतो तो मुख्यतः तपासता यावा म्हणून. एकदा एका उंच पाइनवर तीन दिवस काम चाललं होतं. दोराचा मधला दहा-बारा मीटरचा भाग राळेने माखला होता. रोज सकाळी चढण्याआधी मी दोर हातातून सरकवून बघत होतो आणि रोज तो ठीकच वाटत होता. घरी आल्यावर टबात भिजवला, ब्रश फिरवला, आणि ओला दोर चिमटीतून ओढताना एका ठिकाणी बोट अडकलं. खोळीचे, म्हणजे दोराच्या बाहेरच्या विणलेल्या आवरणाचे, शेजारशेजारचे दोन पेड जवळजवळ निम्मे कापलेले होते. हातकरवतीचा दात लागला असणार. कापलेली टोकं राळेने पुन्हा जागच्या जागी चिकटवून टाकली होती. न धुता बघितलं असतं तर तिथे फक्त एक काळा डाग दिसला असता, बाकीच्या पन्नास डागांसारखाच. त्या जागेवर मी किती वेळा लटकलो होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून मळलेला दोर मी ‘तपासलेला’ धरत नाही.

दुसरं कारण माती. माती म्हणजे बारीक केलेला दगडच. दोरावर वजन आलं की आतले तंतू एकमेकांवर सरकतात, आणि मध्ये वाळूचा कण असेल तर तो दर वेळी थोडं थोडं कापतो. खाऱ्या पाण्याने भिजून वाळलेल्या दोरात मिठाचे स्फटिक हेच काम करतात. म्हणून दोरावर पाय देऊ नये असं जे सांगतात ते केवळ शिस्तीसाठी नाही. बुटाच्या दाबाने खोळीवरचा कण गाभ्यापर्यंत पोचतो. मळलेला दोर धातूच्या सामानालाही सोडत नाही. ॲल्युमिनियमच्या रिंगवर, पुलीवर, कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर) तो कानशीसारखा चालतो, तिथे खाच पडते, खाचेला धार येते, आणि मग तीच धार दोर कापायला लागते. दोर धुवाल त्या दिवशी रिंगा आणि कॅराबिनरही बोट फिरवून बघा.

तिसरं कारण झाडांचं आहे, आणि आपल्या धंद्यात ते फार कमी जण मनावर घेतात. चिनार आणि लंडन प्लेन या झाडांना मारणारी सेराटोसिस्टिस प्लॅटानी ही बुरशी कापायच्या हत्यारांवरून आणि लाकडाच्या भुशातून एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. फायटॉप्थोरासारखे मुळं कुजवणारे जीव ओल्या मातीबरोबर प्रवास करतात. आपल्या दोराच्या विणीत भुसा आणि माती दोन्ही भरलेली असते. रोगट झाडावरून उतरून तोच दोर तसाच निरोगी झाडावर टाकणं मला पटत नाही. आणि इथे एक अडचण आहे: करवत जंतुनाशकाने पुसता येते, दोर नाही. ब्लीच दोरावर चालत नाही, आणि कुठलंही जंतुनाशक वापरायचं तर दोर बनवणाऱ्याने त्याला परवानगी दिलेली हवी. त्यामुळे रोगट झाडासाठी मी जुना पण सुस्थितीतला वेगळा दोर नेतो, आणि तो धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय पुढच्या झाडाला लावत नाही.

आता धुण्याआधी आपला दोर कशाचा आहे हे माहीत करून घ्या. झाडावर चढायच्या बहुतेक दोरांत बाहेर विणलेली खोळ आणि आत गाभा असतो. खोळ बहुधा पॉलिएस्टरची, गाभा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा. नायलॉन पाणी पितो. ओला असताना त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी होते आणि वाळल्यावर परत येते. तुमचा दुसरा सहकारी म्हणतो ते इथून आलेलं आहे. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे त्याला हा प्रश्न नाही. रसायनांच्या बाबतीत दोघांचे शत्रू वेगळे आहेत: नायलॉनला आम्ल मारतं, पॉलिएस्टरला तीव्र अल्क, त्यातही गरम असेल तर जास्त. कपड्याची पावडर सहसा अल्कधर्मी असते, तिच्यात अनेकदा डाग घालवणारी ब्लीचसारखी द्रव्यं असतात, आणि तिचे न विरघळलेले कण विणीत अडकून बसतात. म्हणून पावडर नाही. हिच म्हणजे मुख्य दोरावर बांधलेली, हाताने सरकणारी आणि वजन आलं की आवळणारी गाठ. तिच्यासाठी वापरायच्या छोट्या दोरीत अनेकदा अरामिडची, म्हणजे केव्हलारच्या जातीच्या तंतूची, खोळ असते. तिला उष्णता भरपूर सोसते, पण ब्लीच आणि ऊन सोसत नाही. काही स्लिंग आणि दोऱ्या डायनीमाच्या जातीच्या, म्हणजे पॉलिएथिलिनच्या असतात. त्या साधारण 145 अंश सेल्सिअसलाच वितळतात, पॉलिएस्टर मात्र 250च्या वर. दोराबरोबर आलेली पत्रिका फेकून दिली नसेल तर ती वाचा. माझ्या उत्तरात आणि पत्रिकेत फरक पडला तर पत्रिकेचं ऐका.

धुण्याची माझी पद्धत हाताचीच आहे. सगळ्यात आधी दोर कोरडा असताना झटकतो आणि मऊ ब्रशने भुसा, साल, सुकी माती पाडतो. ही पायरी गाळली की त्या मातीचा चिखल होतो आणि तो आत शिरतो. मग मोठ्या टबात साधं किंवा जेमतेम कोमट पाणी. 30 अंशांच्या पुढे मी जात नाही. दोर वेटोळं करून न टाकता टोकापासून सुटा सुटा सोडतो आणि अर्धा-पाऊण तास नुसत्या पाण्यात राहू देतो. पहिलं पाणी ओतताना टबाच्या तळाशी हात फिरवून बघा. बोटांना रवाळ लागतं ते सगळं आजपर्यंत तुमच्या दोराच्या आत होतं. दुसऱ्या पाण्यात सौम्य, न्यूट्रल पीएचचा द्रव साबण: लोकरीच्या कपड्यांसाठी असतो तसा, किंवा खास दोरासाठी मिळतो तो. थोडाच घाला, फेस जितका जास्त तितका तो विणीतून काढायला त्रास. दोर हाताने दाबत, पिळा न देता, टबात फिरवायचा, आणि जिथे डाग जाड आहे तिथे नायलॉनचा मऊ ब्रश विणीच्या दिशेने फिरवायचा. आडवा घासलात तर पेड उचकटतात.

मग खळबळणं. यात घाई होते आणि इथेच दोर बिघडतो. तीन पाणी किमान, चौथं पाणी बघून. दोर मूठभर उचलून पिळला आणि बुडबुडे आले तर अजून एक पाणी. राहिलेला साबण वाळल्यावर दोर कडक करतो आणि पुढची धूळ पकडून ठेवतो. फॅब्रिक सॉफ्टनर घालून दोर मऊ करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी घालत नाही. ताठरपणा बहुतेक वेळा मातीचा, चिकाचा किंवा खोळ-गाभ्याच्या ताणाचा असतो. तो कशामुळे आहे हे कळायच्या आधी वरून गुळगुळीत करून मला काय मिळणार? शिवाय हिचची पकड बदलते ते वेगळंच.

मशीन वापरायचंच असेल तर समोरून उघडणारं घ्या. मध्ये दांडा असलेल्या, वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये दोर त्या दांड्याभोवती असा आवळतो की सोडवताना पीळ बसतो. दोराची आधी साखळीची वीण घाला, म्हणजे एका फासातून पुढचा फास ओढत जायचं तशी, आणि ती जाळीच्या पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा. त्याआधी मशीन एकदा रिकामं, नुसत्या पाण्यावर फिरवा, नाहीतर कप्प्यातली जुनी पावडर तुमच्याच दोराला लागेल. नाजूक कपड्यांचं चक्र, थंड पाणी, एक जास्तीचं खळबळणं, पिळण्याचा वेग सगळ्यात कमी. 45 मीटरचा बारा मिलिमीटरच्या आसपासचा दोर कोरडा असतानाच चार-साडेचार किलो भरतो, तेव्हा त्याच्याबरोबर दुसरं काही कोंबू नका. आणि प्रेशर वॉशर कधीच नाही. वरून दोर चकचकीत दिसतो खरा, पण तो झोत खोळीतली माती गाभ्यात ठोकून बसवतो.

आता डागांकडे. आपल्या भाषेने झाडातून येणाऱ्या पदार्थाला चीक, डिंक आणि राळ असे तीन वेगळे शब्द दिलेत, आणि दोर धुणाऱ्याने ते वेगळेच ठेवावेत, कारण तिघांवर उपाय वेगळे आहेत. डिंक, बाभळीच्या जातीच्या झाडांचा वगैरे, पाण्यात विरघळतो. दोर नुसता रात्रभर भिजवा, सकाळी तो निम्म्याहून जास्त गेलेला असतो. चीक, म्हणजे वड, उंबर, फणस यांचा पांढरा दुधासारखा रस, ओला आहे तोवर साध्या पाण्याने जातो. वाळला की त्याचं रबर होतं आणि मग ते खोळीतल्या प्रत्येक पेडाला धरून बसतं. म्हणून अशा झाडावर काम असेल तर मी पाण्याचा कॅन आणि ओलं फडकं झाडाखालीच ठेवतो आणि उतरल्या उतरल्या दोर पुसून घेतो. संध्याकाळपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. वाळलेला चीक नखाने, बोथट काठीने, दोर वाकवून वाकवून थोडा थोडा सोलून काढावा लागतो.

राळ सगळ्यात चिवट. पाण्यात ती विरघळत नाही, आणि जे तिला विरघळवतं ते दोरावर ओतायची माझी तयारी नाही. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन यांनी डाग जातो हे मी बघितलंय. दोराच्या तंतूंचं आणि गाभ्याचं काय झालं हे मात्र कुणालाच बघता येत नाही. मी थंडीचा आधार घेतो. राळ माखलेला भाग पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये तासभर ठेवायचा. राळ काचेसारखी ठिसूळ होते. मग तो भाग दोन्ही हातांत धरून भराभर वाकवायचा, कडकड आवाज येत तुकडे पडतात, उरलेलं कोरड्या ब्रशने. नंतर साबणाच्या पाण्यात. रंग राहतो, राहू दे. बोटांना चिकट लागत नाही आणि पेड मोकळे हलतात, एवढं झालं की माझ्या दृष्टीने दोर स्वच्छ आहे. ॲल्युमिनियमच्या रिंगांमुळे आणि उतरणीच्या उपकरणांमुळे येणारा राखाडी-काळा रंगही असाच. त्याने काही बिघडत नाही, तो घालवायच्या मागे लागू नका.

तुमच्या जाड दोरावरचं साखळीचं तेल. नुसतं तेल पॉलिएस्टरला लगेच मारत नाही. त्रास असा की ते चिकट असतं आणि भुसा, माती सगळं धरून ठेवतं. शिवाय लोअरिंग ड्रमवर (खोडाला बांधलेल्या, दोराला घर्षण देणाऱ्या नळकांड्यावर) वळसे घेतल्यावर तेलकट दोर किती धरेल याचा भरवसा राहत नाही, आणि खाली दोर धरणाऱ्या माणसाचा जीव त्या भरवशावर असतो. जुनं कापड दाबून जास्तीचं तेल टिपून घ्या, मग साबणाचं पाणी दोन-तीन वेळा बदलून धुवा. वाळल्यावर तो भाग पांढऱ्या कापडातून ओढा. कापडावर तेलाचा पट्टा उमटला तर पुन्हा धुवा. पेट्रोल सांडलं असेल तर दोर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय वापरू नका. आणि बॅटरीचं आम्ल लागल्याचा नुसता संशय असला तरी तो दोर संपला. आम्लाने सडलेला नायलॉन वरून अगदी धडधाकट दिसू शकतो. गाडीत बॅटरी, इंधनाचे कॅन आणि दोर एका कप्प्यात ठेवू नका. तुमचं तेलही बहुधा करवत आणि दोर एकत्र ठेवल्यानेच सांडलं असणार.

वाळवणं सावलीत. सूर्याचे अतिनील किरण सगळ्याच तंतूंना हळूहळू कमजोर करतात. पॉलिएस्टर त्यातल्या त्यात टिकतं, नायलॉन कमी, अरामिड सगळ्यात कमी. ड्रायर, हीटर, गरम बॉनेट, काहीही नको. दोर जमिनीवर पसरण्याऐवजी दांडीवर किंवा दोन-तीन खुंट्यांवर सैल फेऱ्यांनी सोडा, फेरीवर फेरी बसू देऊ नका, पंखा लावलात तरी चालेल. वरून कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असं नाही. दोन दिवस तरी द्या, दमट हवेत चार-पाच. ओला दोर पिशवीत भरला तर बुरशी धरते. ती पॉलिएस्टर किंवा नायलॉन खात नाही, पण वास आणि डाग जात नाहीत. आणि जो दोर हातात घ्यावासा वाटत नाही तो माणूस नीट तपासतही नाही.

धुतल्यावर दोर आखडतो, विशेषतः नवा दोर पहिल्यांदा भिजल्यावर. त्यामुळे दोन गोष्टी करा. टेपने पुन्हा मोजा. 45 मीटरचा दोर 43 भरला तर ते तुम्हाला झाडाखाली कळता कामा नये. मध्यावरची खूण पण पुन्हा लावा, कारण दोन्ही बाजू सारख्या आखडतीलच असं नाही. दोराच्या शेवटाला स्टॉपर गाठ तर हवीच, धुतलेला असो वा नसो. खुणेसाठी साधा मार्कर वापरू नका, त्यातल्या द्रावकाचा भरवसा नाही. दोरासाठी असलेला मार्कर घ्या किंवा टोकांना शिवणदोऱ्याच्या गुंडाळ्या करा.

याहून महत्त्वाचं म्हणजे हिच. महिनोन् महिने मळलेल्या दोरावर तुमच्या ब्लेक्स हिचची किंवा प्रुसिकची (दोन्ही हिचचेच प्रकार) पकड हाताला सवयीची झालेली असते. धुतलेल्या दोरावर तीच गाठ, तेवढेच वळसे, वेगळं वागतात: कधी सुळकन सरकते, कधी नको तितकी आवळते. म्हणून धुतल्यानंतरची पहिली चढाई जमिनीपासून हातभर उंचीवर. बसा, उसळी द्या, सरकवा, पुन्हा बसा. एखादा वळसा वाढवावा किंवा कमी करावा लागेल, तो तिथेच ठरवा.

आता तपासणी. दोर धुऊन वाळला की चांगल्या उजेडात, बसून, मोबाइल बाजूला ठेवून, एका टोकापासून सुरू करायचं. हातमोजे नाहीत. दर वीतभर अंतरावर दोराचा छोटा फास करून बघायचा. निरोगी दोराचा फास गोल, एकसारखा वळतो. एखाद्या ठिकाणी तो कागद दुमडावा तसा मोडला, तर आत गाभा तुटलाय किंवा चेपलाय. एखादी जागा शेजारच्यापेक्षा बारीक, फुगीर, पोकळ किंवा काठीसारखी कडक लागली तरी तेच. माझ्या एका शिकाऊ सहकाऱ्याला मी हे डोळे मिटून करायला लावायचो. डोळे रंगात अडकतात, बोटं अडकत नाहीत.

खोळीवर बारीक लव उगवणं ही झीज आहे, पण ती सारखी पसरलेली असेल तर घाबरण्याचं कारण नाही. ती लव खालच्या तंतूंना थोडं राखते. एका जागीच केस उभे राहिले असतील तर तिथे काहीतरी घासतंय, ते शोधा. पेड उचकटून फास बाहेर आला असेल तर तो कापू नका. दोन्ही बाजूंना पेड थोडा थोडा ओढत आत बसवा. कापलेला पेड ही वेगळी गोष्ट. स्पाइक, म्हणजे खोडावर चढताना पायाला बांधायचे लोखंडी खिळे, वापरत असाल तर टोचण्याची खूण शोधा. ती बाहेरून टाचणीच्या भोकाएवढी दिसते. चकाकणारा, गुळगुळीत, नखाने दाबल्यावर काचेसारखा लागणारा पट्टा दिसला तर तिथे तंतू वितळलेत. भरधाव उतरलं, किंवा दोरावर दोर घासला, की हे होतं. पृष्ठभागावरचा हलका चकाकता थर वाकवल्यावर सुटून गेला आणि खालचे पेड मऊ असले तर मी तो दोर चालवतो. थर कडकच राहिला तर नाही.

विणलेल्या दोरात खोळ गाभ्यावरून सरकते, म्हणून टोकाशी रिकामी, चपटी खोळ जमते. वर्षातून एक-दोनदा दोर पूर्ण लांबीभर हाताने एका टोकाकडे ओढून ती जास्तीची खोळ बाहेर काढता येते. तुमचा दोर ताठर लागतोय त्याचं एक कारण हेही असू शकतं. तीनपेडी दोर असेल तर पिळाच्या उलट दिशेने उकलून आत बघा. आत पांढरट भुकटी दिसली तर तंतू आतून दळले जातायत. दोराच्या टोकाला शिवलेल्या डोळ्याची, म्हणजे कायमच्या फासाची, शिवण प्लॅस्टिकचं आवरण बाजूला करून टाका टाका मोजत बघा. गुंफलेल्या डोळ्यात गुंफण जिथे संपते तिथे दोर कसा वाकतो ते बघा. सगळ्यात आधी तिथेच बिघडतो.

फांद्या उतरवायच्या दोराचं गणित वेगळं आहे. चढाईच्या दोरावर माणसाचं वजन येतं, तेही बऱ्यापैकी स्थिर. ईएन 1891 या युरोपीय मानकात चढाईच्या ‘अ’ प्रकारच्या दोराला किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने सव्वादोन टन, ताकद सांगितली आहे; त्यातलं आपलं वजन किती थोडं, ते बघा. उलट उतरवायच्या दोरावर ओंडका आधी पडतो आणि मग दोर त्याला धरतो, त्यामुळे दोरावर येणारा ओढा ओंडक्याच्या वजनाच्या कित्येक पट होऊ शकतो. म्हणून नव्या दोराची तोडक्षमता 5,000 किलो असली तरी कामाचं वजन तिच्या दहाव्या हिश्शाला, 500 किलोला ठेवायची रीत आहे. गाठीने ताकद अजून कमी होते, आणि पुलीचा व्यास दोराच्या जाडीच्या चौपटीहून लहान असेल तर वाकण्यानेही. अशा दोराला प्रत्येक झटका थोडं वय देऊन जातो आणि ते वय खोळीवर दिसत नाही. त्यामुळे इथे तपासणीइतकीच वही महत्त्वाची. कुठल्या दिवशी, किती मोठे ओंडके, झटका बसला का, हे दोन ओळींत लिहून ठेवा. दणदणीत झटका बसलेला दोर मी दिसायला नवा असला तरी मोठ्या कामावरून काढतो. आणि उतरवायच्या दोराने कधीही चढू नका. रंग वेगळे ठेवा, पिशव्या वेगळ्या ठेवा, म्हणजे घाईत चूक होणार नाही.

ड्रमवरून ओंडका भरभर सोडला तर दोर तापतो, म्हणून सोडणाऱ्याला सावकाश, एका लयीत सोडायला शिकवा. दोर कमी मळावा यासाठी खाली ताडपत्री किंवा उघड्या तोंडाची पिशवी ठेवा. चढाईचा दोर फांदीवरून थेट न नेता कॅम्बियम सेव्हरमधून, म्हणजे फांदीवर टाकायच्या रिंगा लावलेल्या पट्ट्यातून, न्या. त्याने चीक कमी लागतो, दोर कमी झिजतो आणि झाडाची साल सोलली जात नाही. माझ्या दोरांचं निम्मं धुणं या एका वस्तूने वाचवलं.

ठेवताना पिशवीत सुटा सोडा, गुंडाळी करून पीळ भरू नका. जागा कोरडी, अंधारी, थंड. उंदरांकडे लक्ष द्या, ते दोर कुरतडतात. प्रत्येक दोराला खूण आणि वहीत पान: विकत घेतल्याची तारीख, पहिल्या वापराची तारीख, धुतल्याच्या तारखा, तपासणीत काय दिसलं. युरोपीय मानक ईएन 365 प्रमाणे अशा साधनांची जाणकाराकडून किमान 12 महिन्यांतून एकदा तपासणी व्हायला हवी; ब्रिटनमध्ये माणूस उचलणाऱ्या साधनांना हा काळ सहा महिन्यांचा आहे. अनेक उत्पादक कापडी साधनांना जास्तीत जास्त दहा वर्षं सांगतात, पण रोजच्या वापरातला दोर त्याच्या आसपासही पोचत नाही. हिचची दोरी तर त्याहून खूप आधी बदलावी लागते.

तुमच्या 45 मीटरच्या दोराचं काय करायचं ते धुतल्यावरच कळेल. दोन वर्षं हा काळ एकटा काही ठरवत नाही. आणि ठीक आहे की नाही यावर तुम्ही अर्धा तास विचार करताय असं लक्षात आलं, तर तो वापरू नका. बिघाड टोकाजवळच्या काही मीटरांत असेल आणि बाकीचा दोर निर्दोष असेल तर तिथे कापून आखूड दोर करता येतो. नवं टोक वितळवून गुंडाळा आणि नवी लांबी दोन्ही टोकांवर लिहा. बिघाड मधोमध असेल किंवा कारण कळत नसेल तर पूर्ण दोर काढा.

काढलेला दोर अखंड ठेवू नका. मी एकदा ‘ओझं बांधायला होईल’ म्हणून एक बाद दोर कोपऱ्यात टाकला होता, आणि महिन्याभराने नवा मुलगा तोच खांद्यावर घेऊन झाडाकडे निघालेला दिसला. दोर धुतलेला होता, त्यामुळे चांगला दिसत होता. आता बाद ठरलेल्या दोराचे मी त्याच दिवशी हातभर लांबीचे तुकडे करतो.